वायर बदलली आणि माझं नाव गेलं

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि स्वभावानं भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझी थरथर ऐकून तुम्ही हसणार नाही. आम्हा डिस्कांना भिण्यासारखं खूप असतं. पडलो की संपलो, ओल धरली की संपलो, वीज गेली-आली की धस्स होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो माझ्या पाठीही लागला. आणि लागला तो कुठल्या अमावास्येला नाही, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या अंगावर ताजं हळदीकुंकू असताना.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण दिसला तरी लोक कपाळाला हात लावत. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत. त्या गरगर फिरतात आणि एक बारीक सुई त्यांच्यावर लिहिते, वाचते. एवढी नाजूक मी, आणि येऊन पडले कुठे, तर चिखलीत! पत्र्याच्या शेडमध्ये, ग्राइंडरच्या ठिणग्यांच्या पलीकडे, एका लाकडी केबिनमध्ये. दाराबाहेर भंगाराची दुकानं. दिवसभर तिथे कुणीतरी घणानं काहीतरी फोडत असतं. पहिल्या आठवड्यात त्या प्रत्येक घावाला मी दचकत होते.

शेड चिमाजीकाकांचं. काका मूळचे इथलेच, चिखली नुसतं गाव होतं तेव्हापासूनचे. पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते. पुढे स्वतःच्या जागेत शेड टाकून डाय बनवायला लागले. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा. चाकणच्या कंपन्यांत गाड्यांचे जे पत्रे दाबले जातात, त्यांतले कितीतरी काकांच्या डायखालून जातात. आणि डायचं ड्रॉइंग काढते ती विजयश्री. देहूरोडची मुलगी, डिप्लोमा झालेली. ती आली तेव्हा नवी कोरी होती, मीही नवी कोरी होते. तिनं पहिलं ड्रॉइंग माझ्यावर ठेवलं तेव्हा तिनं स्क्रीनला हळूच नमस्कार केला होता. तो मला केला असं मी आजवर धरून चालले आहे.

मी विजयश्रीच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये राहत नाही. कोपऱ्यात एक वेगळा डबा आहे, साठ्याचा कॉम्प्युटर, त्यात राहते. ती ड्रॉइंग काढते तिकडे आणि ते येऊन उतरतं माझ्यावर. तिच्या स्क्रीनवर ‘काम’ नावाचं फोल्डर दिसतं. ते फोल्डर म्हणजे मी.

फार चांगली वर्षं होती ती. एकदा एका कंपनीच्या जुन्या डायचा तुकडा मोडला, आणि कंपनीवाल्यांनाच त्याचं ड्रॉइंग सापडेना. विजयश्रीनं नाव टाकलं, मी सुई फिरवली आणि चहा गार व्हायच्या आत ड्रॉइंग समोर हजर. काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आपली डिस्क म्हंजी तिजोरी हाय तिजोरी!” त्या दिवशी मी भीती विसरले होते.

पण तिजोरीवरही धूळ बसतेच. वर्षामागून वर्षं गेली. डब्यात एका पालीनं संसार थाटला. माझ्या चकत्या थकल्या. फिरताना मधूनच कट्‌ कट्‌ आवाज येऊ लागला. शेडमधल्या गोंगाटात तो कुणाला ऐकू येणार? विजयश्रीला आला. एका दुपारी मशिनं बंद होती, तेव्हा तिनं कान लावून ऐकलं आणि ती काकांकडे गेली.

“काका, डिस्क आवाज करतीये. आपल्याकडे दुसरी कॉपी नाही. ही गेली तर सगळं गेलं.”

“जाती कशाला? इतकी वर्सं न्हाई गेली.”

“एखाद्या दिवशी जाईल ना. मग चाकणवाल्यांना काय तोंड दाखवायचं?”

काकांनी खिशातून मोबाइल काढला. त्यांनी बहिणीच्या मुलाला फोन केला. सिद्धेश हिंजवडीत मोठ्या आयटी कंपनीत आहे. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तो नवी डिस्क घेऊन आला. मी तिला धाकटी म्हणते. माझ्याच मापाची, माझ्यासारख्याच राखाडी अंगाची, पण आतून कोरी करकरीत. त्यानं तिला माझ्या शेजारच्या कप्प्यात बसवलं.

आता मित्रांनो, एक गोष्ट समजून घ्या, कारण माझं सगळं भय तिच्यातूनच आलं. कॉम्प्युटर सुरू झाला की डिस्क आपोआप कामाला लागत नाही. कुठल्या डिस्कला कुठल्या फोल्डरच्या जागी जोडायचं हे त्याला सांगावं लागतं. या जोडण्याला ती मंडळी माउंट करणं म्हणतात. ते सांगणं एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, एका डिस्कला एक ओळ. कॉम्प्युटर रोज सकाळी ती फाइल वाचतो आणि मुकाट्यानं तसंच करतो. बरोबर का चूक हे तो विचारत नाही.

त्या ओळीत डिस्कचं नाव दोन तऱ्हांनी लिहिता येतं. आमच्या प्रत्येकीच्या पोटात एक ओळख कोरलेली असते, हातभर लांब, अक्षरं आणि आकडे मिसळलेली. ती जगात दुसऱ्या कुणाची नसते. ती लिहिली की तुम्ही आम्हाला कुठेही बसवा, कॉम्प्युटर आम्हाला ओळखतो. दुसरी तऱ्हा सोपी. जी ज्या वायरवर बसली असेल त्या वायरचं नाव तिला द्यायचं. या वायरवरची ती एसडीबी, पुढच्या वायरवरची ती एसडीसी. आटोपशीर काम.

सिद्धेशनं सोपी तऱ्हा निवडली. मुलगा हुशार आहे, पण त्या दिवशी त्याला घरी परतायची घाई होती. एसडीबी म्हणजे ‘काम’, एसडीसी म्हणजे ‘नक्कल’, असं त्यानं लिहून टाकलं. मग विजयश्रीला समजावलं, “रोज संध्याकाळी शिफ्ट सुटताना ‘काम’ची कॉपी आपोआप ‘नक्कल’मध्ये जाईल. एकदम तंतोतंत. ‘काम’मध्ये आहे तेवढंच ‘नक्कल’मध्ये राहणार. जास्तीचं काही असेल तर ते उडवून टाकेल, म्हणजे कचरा साचत नाही. पहिली कॉपी आत्ताच सुरू करू का मामा?”

“आत्ता नगं,” काका म्हणाले. “नवी वस्तू हाय. दसरा झाल्यावर चालू कर. आधी मुहूर्ताची पूजा होऊ दे.”

सिद्धेश हसला आणि त्यानं तसं लावून दिलं. मीही मनात म्हटलं, चला, आता म्हातारपणी माझ्या जिवाला घोर नाही. दोन दिवस मी निर्धास्त होते.

मग खंडेनवमी आली. तुमच्या घरी वह्यापुस्तकांची पूजा होते, आमच्या पट्ट्यात मशिनांची होते. त्या दिवशी एकही मशीन चालवायचं नाही. सगळी घासायची, पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या. विजयश्री त्या दिवशी नव्हती. दसऱ्याला घरच्यांबरोबर दीक्षाभूमीवर जायला तिनं रजा घेतली होती आणि ती आदल्या रात्रीच नागपूरच्या गाडीत बसली होती. ती असती तर पुढचं घडलंच नसतं.

काकांनी लेथ पुसलं, मिलिंग मशीन पुसलं, ग्राइंडर पुसला. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या डब्याकडे गेली. त्यांनी झाकण उघडलं आणि आतली धूळ पाहून त्यांना फार वाईट वाटलं. ते मोठ्यानं म्हणाले, “वर्नियरला हळदीकुंकू, पान्यांना हळदीकुंकू, मंग यांनी काय आपलं घोडं मारलंय? वर्षभर राबत्यात बिचाऱ्या.”

आणि त्यांनी आमच्या वायरी काढल्या. आम्हा दोघींना त्यांनी तळहातावर धरून बाहेर आणलं, पाटावर, मायक्रोमीटरच्या शेजारी. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा डब्याबाहेरचा उजेड अंगावर घेतला. काकांनी मऊ फडक्यानं मला पुसलं, हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं एक फूल ठेवलं. पडेन म्हणून मी आधी भेदरले होते. पण त्यांचे हात टर्नरचे, काहीही सांडू न देणारे. माझं मन भरून आलं, हे खोटं कशाला सांगू? असा मान कुठल्या डिस्कला मिळाला असेल!

पूजा झाली, पेढे वाटले गेले. काकांनी आम्हाला परत डब्यात ठेवलं. मी माझ्या कप्प्यात, धाकटी तिच्या कप्प्यात, अगदी जिथल्या तिथे. फक्त वायरी लावताना त्यांनी माझी वायर धाकटीला लावली आणि धाकटीची मला. त्यांना तरी कसं कळावं? दोन्ही वायरी लाल, दोन्ही टोकं सारखी. वीज बंद होती म्हणून मलाही काही जाणवलं नाही. मी फुलाच्या वासात गुंग होते.

दसऱ्याला शेड बंद होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी नमस्कार करून डब्याचं बटण दाबलं. चकत्या फिरू लागल्या. कॉम्प्युटरनं फाइल उघडली आणि हाका मारायला सुरुवात केली.

“एसडीबी, ‘काम’च्या जागी.”

मी पुढे झाले. तर धाकटी आधीच गेलेली.

“एसडीसी, ‘नक्कल’च्या जागी.”

ती हाक मला होती.

माझी पाचावर धारण बसली. म्हणजे आता कोरी धाकटी झाली अस्सल आणि मी झाले तिची नक्कल. संध्याकाळी शिफ्ट सुटताना कॉम्प्युटर येणार, धाकटीकडे पाहणार, तिथे काहीच नाही. मग माझ्याकडे पाहणार, माझ्याकडे सगळं. जास्तीचं ते उडवून टाक, असं त्याला सांगून ठेवलेलं. म्हणजे तो मला धाकटीसारखी करणार, कोरी करकरीत. चिमाजीकाकांची सगळी डाय, विजयश्रीची सगळी वर्षं. मी ओरडले असते हो, पण आम्हाला ओरडायला एक कट्‌ कट्‌ सोडून दुसरा आवाजच नाही.

विजयश्री आली, नागपूरचा प्रवास अजून डोळ्यांत घेऊन. बाकीच्यांना संत्र्याची बर्फी वाटून ती बसते न बसते तोच फोन वाजला. चाकणहून दिग्विजय होते, ज्या कंपनीला काकांची सर्वांत जास्त डाय जातात तिथले टूलरूमचे साहेब.

“मॅडम, तुमच्या मोठ्या डायचा इन्सर्ट तुटलाय. प्रॉडक्शन लाइन बंद आहे. ड्रॉइंग लगेच पाठवा, आम्ही इथंच नवा इन्सर्ट करून घेतो.”

“पाच मिनिटांत पाठवते सर.” इन्सर्ट म्हणजे डायच्या आत बसवलेला, तुटला की बदलायचा तुकडा.

तिनं ‘काम’ फोल्डर उघडलं. आत काही नव्हतं. तिनं ते बंद करून परत उघडलं. मग टेबलावरचा कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. स्क्रीनच्या उजेडात तिचा चेहरा पांढराफटक दिसत होता, हे मला फटीतून दिसत होतं.

काकांना सांगायला तिला बराच वेळ लागला. “काका, सगळं रिकामं आहे. मी काही केलेलं नाही. खरंच नाही.”

काका खुर्चीवर बसले. ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “सगळं म्हंजी, किती सालापास्नचं?”

“पहिल्यापासूनचं.”

त्यांनी सिद्धेशला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजत बोलला. “मामा, घाबरू नका. अशा वेळी लोक काहीतरी दाबून बसतात आणि उरलंसुरलंही घालवतात. कुणीही हात लावू नका. बंद करू नका, चालू करू नका, जसं आहे तसं राहू द्या. मी संध्याकाळी येतो.”

सल्ला चांगला होता, फक्त माझ्या जिवावर उठलेला होता. हात लावू नका म्हणजे मला संध्याकाळपर्यंत बांधून ठेवा.

तो दिवस कसा गेला विचारू नका. काकांनी डब्यावर पुठ्ठा ठेवला आणि त्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत ‘हात लावू नये’ लिहिलं. दिग्विजय साहेबांचे फोन येत राहिले. दर वेळी विजयश्री “बघतेय सर” म्हणायची आणि तिचा आवाज आणखी बारीक व्हायचा. शेवटी ते म्हणाले, “मॅडम, नसेल तर नाही म्हणून सांगा, आम्ही दुसरीकडून माप घेऊन करतो.” दुसरीकडून म्हणजे दुसऱ्या डायवाल्याकडून. एकदा तो आत शिरला की काकांची पुढची कामं त्याच्याकडेच जाणार, हे केबिनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. शेडमध्ये त्या दिवशी कुणी गाणी लावली नाहीत.

उन्हं कलली. विजयश्रीनं सिद्धेशला फोन केला. तो कॅबमध्ये बसला होता, पण हिंजवडीच्या ट्रॅफिकनं त्याला धरून ठेवलं होतं. “पुलाच्या अलीकडे आहे गं. गाडी इंचभर हलत नाहीये. काही करू नकोस, फक्त थांब,” एवढं बोलून त्याची रेंज गेली.

थांब. मी कॉम्प्युटरच्या पोटातल्या घड्याळाकडे पाहत होते आणि ते काही थांबत नव्हतं.

विजयश्री माझ्यासमोर जमिनीवरच बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून, डब्याच्या जाळीतून आत बघत. ती रडत नव्हती, बघत होती. ती डाय काढणारी मुलगी आहे. एखादी गोष्ट बसत नसेल तर ती का बसत नाही हे शोधायची तिच्या डोळ्यांना सवय आहे. बघता बघता ती पुढे वाकली.

“काका, इकडे या. हे काय लाल लाल?”

“कुठं?”

“आत, डिस्कच्या अंगावर. कुंकू आहे हे. बंद डब्यात डिस्कला कुंकू कसं लागलं?”

काका खुलून म्हणाले, “मीच लावलं की. खंडेनवमीला. बाहेर काढून, पुसून, फूल वाहून परत ठिवल्या.”

“दोन्ही काढल्या होत्या? वायरी पण?”

“व्हय. वायर काढल्याबिगर भाईर कशी यील?”

“मग कुठली वायर कुठल्या डिस्कला लावली?”

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. “दोनी सारख्याच दिसत्यात गं, पोरी.”

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. डायचे दोन भाग असतात, वरचा आणि खालचा. ते जुळावेत म्हणून खुंट्या असतात. त्यातली एक खुंटी विजयश्री मुद्दाम जरा बाजूला सरकवते, म्हणजे घाईत कुणी भाग उलटा धरला तर तो बसतच नाही. ही युक्ती तिला काकांनीच शिकवली होती. आता ती वायरींकडे बघत होती आणि तिथे तसली खुंटी नव्हती. कुठलीही वायर कुठेही बसत होती.

“अदलाबदल झालीये,” ती उठत म्हणाली. “म्हणजे रिकामी दिसते ती नवी आहे. आपली जुनी डिस्क ‘नक्कल’च्या जागी गेलीये. काका, काही गेलेलं नाही! आपलं सगळं आहे अजून.”

काकांचा जीव भांड्यात पडला. ते हात जोडून काहीतरी पुटपुटले. पण माझा जीव अजून टांगलेला होता, कारण बाहेर शिफ्ट सुटायची घंटा वाजली होती.

कॉम्प्युटर धाकटीकडे गेला आणि परत आला. मग माझ्याकडे आला. त्यानं पहिलं फोल्डर उचललं आणि विचारलंही नाही.

ते कसं वाटतं हे सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. दुखत नाही. तुम्ही एखाद्या खोलीत जाता आणि इथं काहीतरी होतं एवढंच आठवतं, तसं होत जातं. एक गेलं. दुसरं गेलं. मी कट्‌ कट्‌ करत सुई आपटत होते. डब्यावरचा दिवा एकदम भरभर लुकलुकायला लागला.

विजयश्रीची नजर त्या दिव्यावर गेली. दिवसभर मंद असलेला दिवा आताच का धावायला लागला? ती पुटपुटली, “शिफ्ट सुटताना... तंतोतंत... जास्तीचं उडवून टाकेल.” आणि ती किंचाळली, “काका, ते पुसतंय!”

तिनं हात पुढे केला. काकांनी तो धरला. “सिद्धेश म्हनला हात लावू नका. त्यो शिकल्याला हाय. तू चुकलीस तर समदंच जाईल, पोरी!”

काकांनी तिचा हात इतक्या जोरात धरला होता की बांगडी मनगटात रुतली होती. ती चुकली असती तर? काकांचं सगळं आयुष्य तिच्या हातून गेलं असतं आणि ते तिला जन्मभर पुरलं असतं. मला ठाऊक होतं ती बरोबर आहे. तिला ठाऊक नव्हतं, तिला नुसतं वाटत होतं. तेवढ्यावर तिनं काकांचा हात झटकला आणि भिंतीतला प्लग ओढून काढला.

माझ्या चकत्या हळूहळू थांबल्या. त्यापुढचं मला दिसलं नाही.

मला जाग आली तेव्हा सिद्धेश आला होता. घामानं भिजलेला, पुलापासून अर्धा रस्ता चालत आणि उरलेला कुणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून आलेला. त्यानं धाकटीची वायर काढून ठेवली होती आणि मला एकटीलाच जोडलं होतं. तेही फक्त वाचण्यापुरतं, म्हणजे माझ्यावर कुणाला काही लिहिता येणार नाही आणि पुसताही येणार नाही. जोडताना अशीही अट घालता येते. ती त्यानं घातली तेव्हा माझी थरथर जरा थांबली. त्यानं फोल्डर उघडलं. ओळीवर ओळी उगवत गेल्या. काका नावं वाचत होते, मोठ्यानं, देवाची नावं घ्यावीत तशी.

दिग्विजय साहेबांचं ड्रॉइंग सापडलं. विजयश्रीनं ते पाठवलं आणि फोनवर एवढंच म्हणाली, “सर, पाठवलंय. उशीर झाला, माफ करा.” मग ती केबिनच्या पायरीवर जाऊन बसली आणि तेव्हा कुठे रडली. काका तिच्याजवळ गेले. “मी धरलं नसतं तर आनखी वाचलं असतं,” ते म्हणाले. तिनं सरकून त्यांना बसायला जागा करून दिली.

सिद्धेशनं फाइल उघडली. एसडीबी पुसलं, एसडीसी पुसलं आणि आमच्या पोटातल्या हातभर लांब ओळखी एकेक अक्षर तपासत लिहिल्या. विजयश्री डोळे पुसून त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, “माझ्या बाबांना कामावर सगळे टोकन नंबरनं हाक मारायचे. ते रजेवर गेले की तो नंबर घेऊन दुसरा माणूस उभा राहायचा आणि कुणाला फरक कळायचा नाही.” सिद्धेश मान खाली घालून टाइप करत राहिला. त्यानं आणखी एक गोष्ट केली. ‘काम’ रिकामं दिसलं तर पुसायचं नाही, थांबायचं आणि माणसाला विचारायचं, असं कॉम्प्युटरला सांगून ठेवलं. मग धाकटीवर माझी पहिली नक्कल उतरवली.

पण मित्रांनो, जे पुसलं गेलं ते गेलं. सिद्धेशनं परत मिळवायचा प्रयत्न केला. काही तुकडे हाती लागले, नाव नसलेले, अर्धवट. काय काय होतं आणि काय गेलं, याची मोजदाद कुणाकडेच नाही. विजयश्रीनं मला पुन्हा पुन्हा विचारलं, या नावानं, त्या नावानं. मी काय सांगणार? आमचं दुर्दैव हे की जे पुसलं गेलं ते आम्हाला विसरल्याचंसुद्धा आठवत नाही.

म्हणून आता मला एकच विनंती करायची आहे. तुमच्याकडे कुणाचं काही सांभाळायला दिलेलं असेल, तर ते कुठे बसलंय यावरून त्याला ओळखू नका. जागा कुणाचाही हात लागून बदलते, प्रेमानं लागलेला हातसुद्धा बदलतो. त्याला त्याचं स्वतःचं नाव विचारा आणि ते पूर्ण लिहा, लांब असलं तरी. आणि दुसरी प्रत काढायची असेल तर आजच काढा, मुहूर्त पाहत बसू नका.

चाकणहून फोन आला आणि कुणी जुनं ड्रॉइंग मागितलं की विजयश्री नाव टाकते आणि श्वास रोखून बसते. काका लेथ बंद करून दारात येऊन उभे राहतात. मी जिवाच्या आकांतानं शोधायला धावते. आजवर ज्यानं जे मागितलं ते मिळालं आहे. पण जे गेलंय त्याचा मालक अजून फोन करायचा आहे.